चारशे फुटांचा डबा

छायाचित्रणाच्या फिल्मचा तयार रोल महाग होऊ लागला की चित्रपटाची कच्ची फिल्म डब्याने विकत घ्यावी, अंधारात तिचे तुकडे करावेत आणि रिकाम्या कॅसेटीत भरून ते साध्या कॅमेऱ्यात वापरावेत, ही कल्पना प्रत्येक पिढीला नव्याने सुचते आणि प्रत्येक पिढी ती आपणच शोधून काढली असे मानते. या व्यवहारावर आजवर जे पुष्कळ बोलले गेले आहे, त्यातील बहुतेक भाग फुटांच्या आणि रुपयांच्या हिशेबात खर्ची पडलेला दिसतो. तो हिशेब खोटा नाही. पण अपुरा आहे. फिल्म भरण्यात जी बचत दिसते ती पुढे फिल्म धुताना टिकते किंवा बुडते, आणि म्हणून खरेदीचा विचार धुलाईपासून वेगळा काढून करता येत नाही, असे माझे मत आहे. शिवाय या विषयावरील बहुतेक उपदेश थंड व कोरड्या मुलखातील मंडळींनी लिहिलेला असल्यामुळे, नवी मुंबईतील खारघरसारख्या दमट हवेच्या, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या ठिकाणी तो जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. यास्तव पुढील आढावा खारघरच्या रहिवाशाच्या दृष्टीने घेतला आहे.

पस्तीस मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली फिल्म ही मुळात चित्रपटाची मिळकत होय. वेट्झलार येथील लाइट्स यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक याने १९१३-१४ च्या सुमारास जो छोटा कॅमेरा सिद्ध केला, त्यात चित्रपटाच्या १८ × २४ मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडून २४ × ३६ ची एक चौकट केलेली होती. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत प्रदर्शनात तो लायका या नावाने लोकांसमोर आला, तेव्हाही फिल्म ग्राहकाने अंधाऱ्या खोलीत स्वतः मोजून, कापून भरावयाची, असाच शिरस्ता होता. कारखान्यातच भरलेली, वापरून टाकून देण्याजोगी कॅसेट कोडॅकने रेटिना कॅमेऱ्याबरोबर आणली ती १९३४ मध्ये. तेव्हा डब्यातून फिल्म भरणारा मनुष्य काही आडवाटेने जात नाही. तयार रोल हीच मागाहून झालेली सोय आहे.

आपल्या प्रांतात तर या दोन कलांची सरमिसळ आरंभापासूनची आहे. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवून कुस्तीचा सामना टिपला, आणि दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा करून पाहिला होता. १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यम्सन कॅमेऱ्यासोबत फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले, कारण त्या वेळी कच्ची फिल्म भोके न पाडलेली मिळत असे, आणि दादरच्या राहत्या घरी रात्रीच्या अंधारात ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावर घेतले. १९१३ मध्ये गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ पाहणाऱ्यांना या श्रमाची वार्ताही नसेल. घरातील दिवे मालवून, बोटांच्या स्पर्शावर विसंबून फिल्म हाताळणाऱ्यांची जर कोणी परंपरा सांगावयाची असेल, तर ती महाराष्ट्रात या गृहिणीपासून सांगावी लागेल.

आता मोजमापाकडे वळू. एका फुटात चौसष्ट भोके असतात, आणि स्थिरचित्राच्या एका चौकटीला आठ भोकांची लांबी लागते. छत्तीस चित्रांना त्यामुळे साडेचार फूट पुरतात, आणि अग्रभागाची जीभ व शेवटचे शेपूट धरून सुमारे साडेपाच फूट. चारशे फुटांच्या डब्यातून अशा हिशेबाने बहात्तर रोल निघतात, हजार फुटांच्या डब्यातून एकशे ऐंशीच्या आसपास. हीच फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने चित्रपटाच्या कॅमेऱ्यातून मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणजे हौशी छायाचित्रकाराचा जो रोल पावसाळाभर पुरतो, तो तेथे चार सेकंदही पुरत नाही, आणि अख्खा चारशे फुटी डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो. चित्रपटाच्या धंद्यात फिल्म जी घाऊक दराने मिळते ती या भुकेमुळे, आणि याच भुकेच्या ताटातून सांडलेले कण स्थिरचित्रकाराच्या वाट्याला येत आले. दृश्य संपल्यावर डब्यात साठ फूट शिल्लक राहिले, तर चाळीस सेकंदांचा तो तुकडा दिग्दर्शकाला पुढील दृश्यासाठी घेण्याचे धाडस होत नाही; स्टुडिओत ज्याला शॉर्ट एंड म्हणतात तो हाच तुकडा, आणि त्यातून दहा रोल सहज निघतात.

या तुकड्यांना मोल का होते, हे समजण्यासाठी टंचाईचा काळ आठवला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची आवक आटली तेव्हा सरकारने बोलपटाची लांबी ११,००० फुटांवर आणि आगामी चित्रपटाच्या जाहिरातीची लांबी ४०० फुटांवर बांधून टाकली, आणि १९४३ पासून फिल्मच्या वाटपावर परवान्याचा अंमल बसवला. स्वातंत्र्यानंतरही आयातीचा परवाना, जकात आणि कोटा यांचा ससेमिरा सुटला नाही. उटकमंडला १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी फ्रान्सच्या बोशे कंपनीच्या साहाय्याने १९६७ मध्ये उत्पादन करू लागली आणि तिची ‘इंदू’ फिल्म घरोघर पोहोचली. पूर्व जर्मनीशी रुपयांत चालणाऱ्या व्यापारामुळे वोल्फेनची ऑर्वो फिल्मही चित्रपटांत आणि छायाचित्रांत सारखीच वापरली गेली. उटकमंडचा कारखाना पुढे आजारी पडला आणि अखेर बंद झाला. आज देशात डब्याने घेण्याजोगी जी फिल्म मिळते ती सर्व बाहेरून आलेली असते, ही गोष्ट किमतीचा विचार करताना ध्यानात ठेवावी.

खरेदी करणाऱ्याने डब्यावरील चिठ्ठी दस्तऐवजासारखी वाचावी. तीवर फिल्मचा चार आकडी क्रमांक, इमल्शनचा (म्हणजे प्रकाशग्राही लेपाचा) व रोलचा क्रमांक, फुटांची लांबी आणि भोकांची जात छापलेली असते. कोडॅकच्या व्हिजन ३ मालिकेतील ५२०३ ही दिवसाच्या प्रकाशाची मंदगती फिल्म, ५२०७ ही दिवसाचीच पण २५० वेगाची, ५२१३ आणि ५२१९ या अनुक्रमे २०० आणि ५०० वेगाच्या, टंग्स्टन दिव्यांसाठी समतोल केलेल्या. आणि ५२२२ म्हणजे १९५९ पासून चालत आलेली कृष्णधवल डबल-एक्स. चिठ्ठीवर १८६६ हा आकडा दिसला तर भोकांमधील अंतर कॅमेरा-निगेटिव्हचे आहे असे समजावे. स्थिरचित्राच्या फिल्मपेक्षा ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने कमी असते आणि आपल्या कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु चिठ्ठीवर २३८३ असेल, तर डबा कितीही स्वस्त असला तरी हात जोडावेत. ती चित्रपटगृहात दाखवावयाच्या प्रती काढण्याची फिल्म असून तिचा वेग इतका मंद असतो की भर दुपारीही तिपाई लावावी लागते. शिवाय ती पॉलिएस्टरची असल्याने फाटत नाही, आणि कॅमेऱ्यात अडकली तर फिल्मऐवजी कॅमेऱ्याचे दाते तुटतात. चोरबाजारात चिठ्ठीवाचून मिळणारे गंजके डबे तर उघडूच नयेत. कोडॅकने १९५१ मध्ये नायट्रेटची फिल्म बनवणे थांबवले, पण तत्पूर्वीचा माल अजून कोठेकोठे निघतो, आणि त्याच्या साठवणुकीसाठी सरकारला १९४८ मध्ये स्वतंत्र नियम का करावे लागले ते २००३ च्या जानेवारीत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फिल्म जळाली तेव्हा सर्वांना पुन्हा कळले.

मुदत उलटलेल्या मालाबद्दल इतकेच सांगतो, की थंडीत राहिलेला जुना डबा गरम गोदामात राहिलेल्या नव्या डब्यापेक्षा बरा. आणि विकणारा जर साठवणुकीबद्दल मोघम बोलू लागला, तर भावाची घासाघीस न करता मुंबईतील बोराबाजारातून उठून सरळ हार्बरची गाडी पकडावी.

खरा कसोटीचा भाग येथून पुढे सुरू होतो. चित्रपटाच्या रंगीत निगेटिव्हच्या पाठीला काजळीसारखा एक काळा थर असतो, त्याला रेमजेट म्हणतात. प्रखर दिव्याचा किरण फिल्म भेदून मागून परत उसळू नये, वेगाने धावताना विजेची ठिणगी पडू नये आणि पाठीवर ओरखडे उठू नयेत, अशी तीन कामे तो एकटा करतो. चित्रपटाच्या रसायनशाळेत धुलाईच्या पहिल्याच टप्प्यात क्षारयुक्त द्रवात तो मऊ करून फवाऱ्याने व घासणीने काढून टाकतात. आपल्या गल्लीतील स्टुडिओच्या यंत्रात ही सोय नसते; तेथे असा एक रोल गेला, की काजळी रसायनात उतरते, रुळांना चिकटते, आणि नंतर येणाऱ्या लग्नामुंजींच्या फिल्मवर काळे ठिपके उमटतात. स्टुडिओवाले अशी फिल्म घेण्यास नकार देतात तो अडाणीपणाने नव्हे, अनुभवाने.

घरी धुणाऱ्यास हा थर काढता येतो. धुण्याचा सोडा किंवा टाकणखार कोमट पाण्यात विरघळवून टाकीत ओतावा, मिनिटभर ठेवून जोराने हलवावा आणि ओतून द्यावा. जे पाणी बाहेर पडते ते शाईसारखे काळे असते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्यास फिल्मच विरघळली की काय अशी धास्ती वाटते. त्यानंतर तीन-चार पाणी बदलूनही पाठीवर धुरकट पट्टे राहतातच, ते सर्व धुलाई आटोपल्यावर ओल्या मऊ फडक्याने, केवळ पाठीकडून, एका दिशेने पुसावे लागतात. फडके चुकून इमल्शनच्या बाजूस लागले तर चित्रच पुसले जाते.

रसायनाचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. स्टुडिओतील नेहमीची सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटे चालते आणि तिच्यात सीडी-४ हे विकासक द्रव्य असते. चित्रपटाच्या ईसीएन-२ प्रक्रियेत सीडी-३ असते आणि ती ४१.१ अंशांवर तीन मिनिटे चालते. चित्रपटाची निगेटिव्ह मुद्दाम सौम्य ठेवलेली असते, कारण पुढे ती ज्या फिल्मवर छापली जाते तिचा विरोध, म्हणजे छायाप्रकाशातील फरक, तीव्र असतो. तीच निगेटिव्ह सी-४१ मध्ये धुतली की विरोध वाढतो आणि छायेचा रंग एकीकडे, उजेडाचा दुसरीकडे झुकतो. संगणकावर हे बरेचसे सावरून घेता येते, पण सावरल्याचे दिसते. उलट योग्य प्रक्रियेने धुतलेली निगेटिव्ह स्कॅन करण्यास फार समजूतदार असते, मात्र कागदावर थेट छापली तर चित्र फिके येते. ज्याला अंधाऱ्या खोलीत रंगीत मुद्रण करावयाचे आहे त्याने या वाटेस जाऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

डबल-एक्सची कथा निराळी. तिला रेमजेट नाही, वेगळी रसायने नकोत, डी-७६ सारख्या सामान्य विकासकात ती धुतली जाते. तिचे करडे रंग जुन्या मराठी बोलपटांची आठवण करून देतात, हा माझा पक्षपात समजावा.

खारघरचे हवापाणी या सर्वांत कसे आड येते ते आता पाहू. सिडकोच्या आराखड्यातील सदनिकेत पूर्ण अंधार करता येईल अशी खोली बहुधा न्हाणीघर हीच असते, आणि तिच्या झडपांच्या खिडकीतून रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर आत येतो. दाराच्या फटीला टॉवेल लावून भागत नाही, खिडकीला काळा पुठ्ठा ठोकावा लागतो. पर्याय म्हणजे बाह्या असलेली काळी पिशवी. पण मे महिन्यात किंवा भाद्रपदातल्या उन्हात त्या पिशवीत हात घालून दहा मिनिटे काढली की मनगटापासून घाम ओघळतो, आतील हवा ओलसर होते आणि फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात. चारशे फुटांचा डबा शंभर-शंभर फुटांत फोडण्याचे काम पिशवीत करूच नये. ते न्हाणीघरातच, पंखा बंद ठेवून, सावकाश करावे.

शंभर फूट एकदा लोडरच्या, म्हणजे कॅसेट भरण्याच्या बंद पेटीच्या, पोटात गेले, की पुढचे काम दिव्याच्या उजेडात होते. कॅसेटच्या गाभ्याला फिल्मचे टोक चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी लावावे, एकीकडून लावलेली पट्टी छत्तिसाव्या चित्रापाशी ताण बसताच सुटते. मग झाकण मिटवून दांडा फिरवावा. एका फेऱ्याला सुमारे एक चौकट, आणि छत्तिसांनंतर जिभेसाठी थोडे अधिक. टोक चिकटवताना जो भाग उजेडात आलेला असतो तो प्रत्येक रोलच्या शेवटी जळालेला निघतो, म्हणून अखेरच्या चित्रावर कधी भरवसा ठेवू नये. कॅसेटच्या तोंडाला जी मखमल असते तिची निगा तर येथे विशेष घ्यावी लागते: पारसिकच्या डोंगरातील खाणींची आणि चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ या मखमलीत बसते, आणि तिचा एक कण सर्व छत्तीस चित्रांवर आगगाडीच्या रुळासारखी सरळ रेघ ओढतो. तीच कॅसेट पाच-सहा वेळा वापरून टाकून द्यावी. स्टुडिओतून मागून आणलेल्या रिकाम्या कॅसेटी यासाठी बऱ्या. त्यांच्या तोंडातून बाहेर राहिलेल्या शेपटाला नवी फिल्म जोडली की काम होते, आणि एकदाच वापरून टाकल्याचे दुःख होत नाही.

साठवणुकीस शीतपेटी हवी. कच्च्या फिल्मसाठी तेरा अंशांहून कमी तापमान सांगितले आहे. पण आषाढात शीतपेटीतून काढलेला डबा लगेच उघडला तर त्यातील वेढ्यांवर दव धरते, आणि ते वाळल्यावर डाग राहतात. डबा बाहेर काढून बंदच ठेवावा, पाच-सहा तास लोटू द्यावेत, मग हात लावावा. पाण्याची तऱ्हा मात्र गमतीची आहे. कृष्णधवल फिल्मला वीस अंशांचे पाणी सांगितलेले, आणि उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी दुपारी अंगावर घेववत नाही इतके तापलेले; तेथे बर्फ घालून वीस अंश गाठण्यापेक्षा चोवीस अंशांचे वेळापत्रक धरावे. उलट रंगीत प्रक्रियेला जे एकेचाळीस अंश लागतात ते युरोपातील हौशी माणसाला यंत्र लावून मिळवावे लागतात, आणि आपल्याला बादलीभर कोमट पाण्यात बाटल्या ठेवून मिळतात. निसर्गाने आपल्या बाजूने केलेली ही एकच तजवीज.

प्रकाशाचाही विचार झाला पाहिजे. टंग्स्टनची ५२१९ फिल्म स्वस्तात मिळते म्हणून लोक तिच्यावर झडप घालतात. पण दिवसा ती निळी पडते, आणि नारिंगी ८५ क्रमांकाचा फिल्टर लावला की तिचा वेग ५०० वरून ३२० वर उतरतो. पांडवकड्याच्या बाजूचे पावसाळी आकाश मुळातच निळसर असते, तेथे ५२०७ शोभते. रात्री उत्सव चौकाभोवती फिरणाऱ्याने ५२१९ खुशाल घ्यावी.

या व्यवहारावर धंदेही उभे राहिले. अमेरिकेतील सिअॅटल फिल्मवर्क्स या कंपनीने पूर्वी ईस्टमनची ५२४७ फिल्म कॅसेटीत भरून, एकाच रोलमधून स्लाइड व छापील चित्रे दोन्ही देण्याच्या आश्वासनावर लाखो घरांत पोहोचवली. धुलाई साध्या दुकानात होत नसल्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा त्याच कंपनीकडे येई. रेमजेटचा उपयोग गिऱ्हाईक बांधून ठेवण्याकडेही होतो, हे त्या व्यापाऱ्यांनी चांगले ओळखले होते. अलीकडच्या सिनेस्टिलने उलट मार्ग धरला: थर आधीच काढून फिल्म विकावी, म्हणजे कोणताही स्टुडिओ ती धुईल. थर गेल्यामुळे दिव्यांभोवती तांबडी प्रभा पसरते. तो दोष होता, तोच पुढे तरुणांना आवडू लागला आणि विक्रीचा गुण ठरला. दरम्यान २०१२ च्या दिवाळखोरीनंतर कोडॅकचे दोन भाग झाले: फिल्म बनवणे आणि चित्रपटांना विकणे ईस्टमन कोडॅककडे राहिले, स्थिरचित्राच्या फिल्मची विक्री कोडॅक अलारिसकडे गेली. चित्रपटाचा डबा फोडून रोल विकणारा दुकानदार त्यामुळे या दोन दुकानांच्या हद्दीवर उभा असतो, आणि उत्पादकाची मर्जी फिरली तर त्याचा पुरवठा केव्हाही आटू शकतो. फुजीने तर २०१३ मध्ये चित्रपटाची फिल्म बनवणेच थांबवले.

खारघरच्या हौशी छायाचित्रकाराने मग काय करावे? एकट्याने चारशे फूट घेऊ नयेत. एकाच फिल्मचे बहात्तर रोल म्हणजे दोन-तीन वर्षांची बांधिलकी, आणि आपल्या हवेत तेवढ्या काळात अखेरचे रोल पहिल्यांसारखे राहत नाहीत. चौघांनी मिळून डबा घ्यावा, शंभर-शंभर फूट वाटून घ्यावेत, आणि वाटणीपूर्वी सुरुवातीच्या दीड-दोन फुटांवर सात-आठ चित्रे काढून, धुऊन, माल चोख असल्याची रुजवात करावी. आरंभ डबल-एक्सने करावा. तो पचला, घरच्या धुलाईला हात बसला, तरच रंगाकडे वळावे. ज्याला प्रत्येक रोल टपालाने दूरच्या रसायनशाळेत पाठवायचा आहे, त्याची बचत टपाल आणि धुलाईच्या खर्चात जाते, आणि त्याने तयार रोल घेतलेला बरा.

हा निवाडा देताना एक नवी गोष्ट जमेस धरली पाहिजे. २०२५ मध्ये ईस्टमन कोडॅकने व्हिजन ३ फिल्ममधून रेमजेट काढून टाकून, प्रकाश अडवणारा थर इमल्शनच्या खाली बसवण्यास आरंभ केला. या नव्या फिल्मला सोडा नको, फडके नको. तिचे रंग अचूक हवे असतील तर ईसीएन-२ मात्र अजूनही हवे. गल्लीतील स्टुडिओने ती आपल्या यंत्रात घेण्यास आता तांत्रिक हरकत राहिलेली नाही. अडचण इतकीच, की क्रमांक तेच असल्याने जुना आणि नवा माल बाजारात काही वर्षे शेजारी शेजारी नांदणार, आणि घरी भरलेल्या कॅसेटीवर कारखान्याची चिठ्ठी नसते. म्हणून प्रत्येक कॅसेटवर फिल्मचा क्रमांक, डबा फोडल्याची तारीख आणि पाठ काळी आहे की नाही, ही तीनही कलमे पेनाने लिहावीत, आणि रोल स्टुडिओत देताना गल्ल्यावरील माणसाला जीभ उलटून पाठ दाखवावी.